अक्का, तुझ्या बाहुल्यांना त्यांनी तोंडं काढली

अक्का, तुला जाऊन अकरा दिवस झाले आणि शाळेच्या फाटकावर तुझा फ्लेक्स अजून लटकतोय. त्यावरचा तुझा फोटो आधार कार्डावरनं घेतलाय, ओढून मोठा केलेला, त्यामुळं तू तूच वाटत नाहीस. त्याच्या तिप्पट मोठा फोटो संस्थेच्या अध्यक्षांचा, पांढऱ्या कपड्यांतला, हात जोडलेला. आणि खाली ओळीनं तुझ्या सात बाहुल्या. फ्लेक्स करणाऱ्याला कुणीतरी म्हणालं असणार की या भकास दिसतात, यांना तोंडंच नाहीत. त्यानं कॉम्प्युटरवर प्रत्येकीला लालभडक हसरं तोंड काढून दिलंय. सातही तोंडं एकसारखी. वर लिहिलंय, ‘बालमनाला वाचा देणाऱ्या सिंधूअक्कांना भावपूर्ण श्रद्धांजली.’

मी फाटकात उभी राहून ते वाचलं. रडू यायला हवं होतं. त्याऐवजी हातपंपापाशी जाऊन मी ओकले आणि चौथीची पोरं लांबून बघत राहिली. एकीनं तांब्या आणून दिला. तिला वाटलं, बाईंना काहीतरी बाधलं. बाहुल्यांचा तो फोटो मीच काढला होता अक्का. संस्थेच्या अहवालाला मीच दिला होता. तू नको म्हणाली होतीस.

आपली गाठ पडायचं खरं तर काही कारण नव्हतं. मी संस्थेच्या शाळेत शिकवणारी आणि तू शेजारच्या वसतिगृहात भाकरी करणारी. दिवाळीच्या पुढंमागं गावातली जोडपी ऊस तोडायला निघाली की मागं राहिलेली लेकरं उन्हाळा लागेपर्यंत त्या वसतिगृहात राहायची. मी त्यांचा संध्याकाळचा अभ्यास घ्यायला यायचे आणि अभ्यास संपला की तुझ्या चुलीपाशी टेकायचे. तू स्वतः सोळा वर्षं ऊस तोडलेली. लेकीला सासूपाशी ठेवून जायचीस. एकदा भाकरी थापता थापता म्हणालीस, “माझी लेक माझ्याशी पाव्हण्यासारखं बोलती बाई. बसा, च्या घेता का, असं. भांडत न्हाई कदी. भांडली असती तर बरं वाटलं असतं.” पुढं तू तो विषय कधी काढला नाहीस. पण त्याच हिवाळ्यात तू पहिली बाहुली शिवलीस.

पहिली बाहुली हसरी होती, हे आता कुणाला सांगून खरं वाटणार नाही. जुन्या सुती लुगड्याचं अंग, आत चिंध्या आणि तांबड्या दोऱ्यानं काढलेलं छान अर्धगोल तोंड. तू ती गौरीला दिलीस. गौरी तेव्हा सहा वर्षांची, वसतिगृहातली सगळ्यात लहान. आई-बाप ऊसतोडीला गेल्यापासून कुणाशी बोलत नव्हती. तिनं बाहुली उलटीसुलटी करून बघितली, मग कोपऱ्यात बसून दातांनी तो दोरा उसवला आणि बाहुली तुझ्या हातात परत दिली.

“ही कावून हसती?” ती म्हणाली. “हिची आई गेली की.”

एवढंच म्हणून ती पाणी प्यायला निघून गेली. तू भाकरीच्या पिठात हात घालून तशीच बसलीस. त्यानंतर तू एकाही बाहुलीला तोंड काढलं नाहीस.

तुझं बघून मला कळलं की खेळणं बनवणं म्हणजे नुसतं शिवणं नव्हे. तू आधी दोन दोन दिवस लेकरांकडं बघत राहायचीस. बाहुलीच्या पोटात मूठभर जोंधळे घातलेस, कारण मांडीवर घेतल्यावर लेकरू बसल्यासारखं जड लागलं पाहिजे. हात लांब केलेस, गळ्याभोवती गाठ मारता येईल इतके. मग पोत्याचा एक बैल केलास, मारायसाठी. दाभणानं दुहेरी शिवलेला. शनिवारी-रविवारी पोरं त्याला लाथा घालायची, बुकलायची, एकानं तर त्याचा कान चावून तोडला. तू सोमवारी तो बैल सांधायचीस आणि कुणी कशाला मारलं हे विचारायची नाहीस.

आपलं पहिलं भांडण रंगावरनं झालं. मी बीडला प्रशिक्षणाला जाऊन आले होते आणि येताना एक तक्ता आणला होता. राग तांबडा, दुःख निळं, भीती काळी, आनंद पिवळा. मी म्हणाले, आपण असं करू, प्रत्येक भावनेची वेगळी बाहुली. लेकरू जी उचलेल त्यावरनं आपल्याला कळेल.

“राग तांबडा असतो, हे कुनी सांगितलं तुला?”

“असं सगळीकडं मानतात, अक्का.”

“गौरीला इचार. तिचा राग पांढरा हाय.”

मी विचारलं. तिनं खरंच पांढऱ्या धोतराच्या चिंधीची बाहुली उचलली. मला तुझा राग आला. मला वही करायची होती, कुठली बाहुली कशासाठी ते लिहून काढायचं होतं, म्हणजे दुसऱ्या शाळांना उपयोग झाला असता. तू म्हणालीस, “लिवून ठिवलं की लोकं लेकराकडं बगनार न्हाईत. वहीकडं बगतील.” मी तुला अडाणी म्हणाले. तोंडावर म्हणाले. पंधरा दिवस आपण एकमेकींशी कामापुरतं बोललो. नंतर बोलायला लागलो, पण त्या शब्दाची माफी मी कधी मागितली नाही. वाटायचं, मागू कधीतरी.

आता जे सांगायचं ते सांगते. तुला सगळं ठाऊक आहे, पण मी ते सलग कधी म्हटलेलं नाही, स्वतःशीसुद्धा.

गौरी आठ वर्षांची झाली त्या हंगामात वसतिगृहावर नवा अधीक्षक आला. नीटनेटका माणूस, सदा गळ्यात मफलर, देवाला दोन वेळा उदबत्ती. महिनाभरात गौरी पुन्हा बोलेनाशी झाली. पण खेळायची. रोज संध्याकाळी तोच खेळ. सगळ्यात लहान बाहुली तेलाच्या रिकाम्या डब्यात घालायची, झाकण लावायची आणि दुसऱ्या एका बाहुलीला झाकणावर बसवायची. त्या दुसऱ्या बाहुलीच्या गळ्यात तिनं चिंधी गुंडाळली होती. मी ते तीनदा बघितलं आणि लेकरू खेळतंय म्हणून पुढं गेले. तू त्या चिंधीकडं बघितलंस.

चौथ्या दिवशी तू तिच्याजवळ जाऊन बसलीस. तिसरी एक बाहुली घेऊन डब्याच्या बाहेर ठेवलीस आणि बाहुलीकडंच बघत म्हणालीस, “ही भाईर बसली बग. हिला आतलं काय ऐकू येतंय?”

गौरीनं डब्याला कान लावला. मग म्हणाली, “आतली म्हनती, आता न्हाई मुतनार.”

सकाळी ज्याचं अंथरूण ओलं असेल त्याला अधीक्षक धान्याच्या कोठीत कोंडत होता, तू कामावर यायच्या आधी. अंधारात, पोत्यांवर, उंदरांत. बाहेरून कडी लावून. गौरी एकटी नव्हती, चार लेकरं होती.

तू त्याच संध्याकाळी मला सांगितलंस. आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, “अक्का, बाहुलीच्या खेळावरनं कुणावर असा आरोप करता येत नाही. मी अध्यक्षांना रीतसर पत्र लिहिते. तोवर तू काही करू नकोस. शब्द दे.” तू दिलास, कारण मी शिकलेली होते. आठ दिवस गेले. त्या आठ दिवसांत मी पत्राचे तीन कच्चे खर्डे केले, धाडला एकही नाही. कुठला शब्द कुणाला लागेल, याचा विचार करत बसले. मला आता त्या अक्षराची किळस येते, त्या सरळ ओळींची, त्या ‘सविनय’ची.

नवव्या दिवशी तू दिवस उगवायच्या आत आलीस. कोठीला बाहेरून कडी होती. आत गौरी होती. तू तिला बाहेर काढलंस, तुझ्या शालीत गुंडाळून चुलीपाशी बसवलंस आणि पहार घेऊन कोठीची कडी कोयंड्यासकट उचकटलीस. अधीक्षक मफलर सावरत आला तोवर ती कडी विहिरीत गेलेली होती. “आता लाव,” एवढंच तू त्याला म्हणालीस.

मग त्यावरनं बोलावलेली ती बैठक. तिच्याबद्दल आपण दोघी पुन्हा कधीच बोललो नाही.

संस्थेच्या ऑफिसात मोठं टेबल, नऊ माणसं, चिवड्याच्या बशा, चहा. अधीक्षकही त्यांच्यातच खुर्चीवर. मी रजिस्टर घेऊन भिंतीपाशी उभी. तुला दाराशी उभं केलं होतं. अध्यक्ष म्हणाले, “पोरीला बोलवा. आणि ती बाहुलीपण आणा. बघू तर बाहुली काय बोलते.” कुणीतरी हसलं. गौरीला आणलं. टेबलावर डबा ठेवला, बाहुल्या ठेवल्या.

“दाखव बाळा. घाबरू नको. दाखव, मग खाऊ देऊ.”

ती बाहुलीला हात लावेना. तिची नजर मफलरवर होती. मग तिच्या पायांवरनं ओघळ आला आणि फरशीवर पसरला. एकानं बूट ओले होतील म्हणून पाय वर घेतले. दुसऱ्यानं चिवड्याची बशी उचलून पलीकडं ठेवली आणि नाकाला रुमाल लावला. अध्यक्ष अधीक्षकाकडं बघून म्हणाले, “म्हणजे पोरीला सवयच आहे.”

अक्का, मी बऱ्याच घाणेरड्या गोष्टी बघितल्यात. तो वर केलेला पाय माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

तू आत आलीस. कुणाची परवानगी घेतली नाहीस. तिला तशीच ओली कडेवर घेतलंस आणि म्हणालीस, “लेकराला इचारायला नऊ जन जमला व्हय. त्याला इचारायला एक बी न्हाई उठला.” आणि निघून गेलीस.

फरशी मी पुसली. मला कुणी सांगितलं नव्हतं. मीच फडकं आणलं आणि त्या बुटांच्या मधनं पुसली. नंतर तुला कळलंच असेल, पण तू मला कधी बोलून दाखवलं नाहीस. बोलली असतीस तर बरं झालं असतं.

पुढं काय झालं ते साधं आहे. तुला कामावरून कमी केलं, संस्थेच्या वस्तूचं नुकसान केलं म्हणून. अधीक्षकाला डोंगराकडच्या, धारूरच्या बाजूच्या त्यांच्याच दुसऱ्या वसतिगृहावर पाठवलं. गौरीचा बाप उसाच्या फडावरनं आला, काही न बोलता पोरीची पिशवी भरली आणि तिला तोडणीच्या टोळीबरोबर घेऊन गेला. ती पुन्हा शाळेत आली नाही. आता अकरा वर्षांची आहे, फडात उसाच्या शेंड्यांचं वाढं बांधते म्हणतात. माझी नोकरी राहिली.

तू म्हणालीस, “बाई, सोड ही नोकरी.” मी म्हणाले, आत कुणीतरी आपलं माणूस असायला पाहिजे. तू विचारलंस, “आत ऱ्हाऊन काय केलंस?” तीन वर्षं हाच वाद, दर दोन-चार महिन्यांनी, तुझ्या ओट्यावर, शिवता शिवता. कधी मी चिडून उठून जायचे. पुढच्या रविवारी पुन्हा यायचे आणि तू सुई ओवून माझ्या पुढ्यात टाकायचीस, काही झालंच नाही अशी.

त्या ओट्यानं मला सांभाळलं, हे तुला सांगायचं राहिलं. रविवारी गावातली लेकरं यायची. वसतिगृहातलीही यायची, चोरून. तू कुणाला जवळ बोलवायची नाहीस. बाहुल्या मांडून ठेवायचीस आणि आपलं शिवत बसायचीस. मी वीस वर्षं शिकवलं, पण गप्प कसं बसायचं हे मी तिथं शिकले. एका पोरानं बैलाला अर्धा तास बुकललं आणि मग त्याच्याच पाठीवर डोकं ठेवून झोपला. मी तुझ्याकडं बघितलं. तू मान हलवलीस आणि दोरा तोडलास. माझ्या आयुष्यात तेवढं शांत मला कधी वाटलं नाही.

अंबाजोगाईला दवाखान्यात तुझ्या छातीत पाणी झालंय म्हणाले. मी आले तेव्हा तू थकलेली होतीस, पण डोकं ठिकाणावर. तुझी लेक सिरसाळ्याहून आलेली, पायाशी बसलेली. तू मला विचारलंस, “डोंगराकडच्या वसतिगृहातली लेकरं कशी हायेत, बाई?”

मी म्हणाले, “बरी आहेत.”

खोटं, अक्का. मी तिकडं कधी गेलेच नव्हते. तीन वर्षांत एकदाही नाही. तू डोळे मिटून घेतलेस आणि मला वाटलं, सुटले. तुझ्याशी बोललेलं माझं शेवटचं वाक्य ते आहे.

बाहेर व्हरांड्यात तुझी लेक मला म्हणाली, “आई तुमच्याशी भांडायची म्हनं. लई नशीबवान तुमी.” मला तिच्याकडं बघता आलं नाही.

तू गेल्यावर तिसऱ्या दिवशी संस्थेनं शोकसभा घेतली. त्यांनी ज्या बाईला हाकललं, तिच्या फोटोला हार. तुझ्या लेकीला पुढच्या खुर्चीवर बसवून शाल आणि नारळ. टेबलावर तुझ्या ओट्यावरनं आणलेल्या बाहुल्या, नीट धुऊन, इस्त्री करून. पोटातले जोंधळे भिजतील म्हणून काढून टाकलेले. त्या आडव्या पडत होत्या, म्हणून मागं पुस्तकांचा टेकू लावला होता. अध्यक्ष पाऊण तास बोलले. बालकांच्या भावविश्वाबद्दल बोलले.

आणि तो आला होता. डोंगराकडनं गाडी करून, मफलर घालून. त्यानं फुलं वाहिली. मग टेबलावरची एक बाहुली उचलली, तिच्या डोक्यावरनं हात फिरवला आणि माईकवर म्हणाला, “अक्कांच्या हातच्या भाकरीची चव अजून जिभेवर आहे.”

माझं नाव पुकारलं. तुला वाटेल, मी तिथं बोलले असेन. नाही बोलले. संस्थेच्या लिपिकानं हातात चार ओळी दिल्या होत्या. त्या मी वाचल्या. ‘अक्का सदैव हसतमुख असत.’ हे मी वाचलं, मोठ्यानं, स्पष्ट उच्चारात. टाळ्या वाजल्या. शोकसभेत टाळ्या. मी खाली येऊन बसले आणि मला माझ्याच आवाजाची शिसारी आली. शेजारी बसलेल्या बाई म्हणाल्या, छान वाचलंत.

आज सकाळी मला नोटीस मिळाली आहे. संस्थेची बदनामी केल्याबद्दल सात दिवसांत खुलासा करावा. ती का आली ते तुला सांगायलाच हे लिहायला घेतलं.

सभेच्या दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि जीपनं डोंगराकडं गेले. वसतिगृहाच्या मागच्या बाजूला अंथरुणं वाळत घातलेली होती. एक सहा-सात वर्षांची पोर आपलं अंथरूण स्वतः धूत होती, दगडावर, थंडगार पाण्यात. मी जवळ जाऊन बसले. काही विचारलं नाही, तुझ्यासारखी नुसती बसले. बऱ्याच वेळानं तिनं इकडंतिकडं बघून विचारलं, “तुमी सरला सांगनार का?” मी म्हणाले, नाही. तिनं कोठीच्या दाराकडं एकदा बघितलं आणि पुन्हा धुवायला लागली. माझ्यासाठी तेवढं पुष्कळ होतं.

तिथून मी परत घरी आले नाही. केजला गेले, तालुक्याच्या कचेरीत तक्रार द्यायला. कचेरीत एक वयस्कर साहेब होते, चष्मा कपाळावर सरकवलेला. त्यांनी माझा अर्ज दोनदा वाचला. यावेळी खर्डा केला नव्हता, जीपमध्ये मांडीवर कागद ठेवून लिहिला होता. अक्षर वाकडंतिकडं.

“बाई, हे तीन वर्षांपूर्वीचं आहे,” ते म्हणाले. “आणि तुम्ही त्याच संस्थेत आहात. विचार केलाय ना?”

“केलाय.”

“पुरावा म्हणून काय जोडताय? त्या मुलीला आणता येईल का? ती बाहुल्यांनी सगळं करून दाखवायची, असं ऐकलंय.”

“लेकराला कुणी बोलवायचं नाही,” मी म्हणाले. “आमच्या वसतिगृहातल्याही नाही आणि डोंगराकडच्याही नाही. मी तिथं होते. कोठीचं मला आठ दिवस माहीत होतं आणि मी गप्प बसले. त्या बैठकीत मी उभी होते. नऊ जणांची नावं सांगते. काय विचारायचं ते मला विचारा.”

 त्यांनी चष्मा खाली घेतला, शिपायाला दार लोटून घ्यायला सांगितलं आणि कोरा कागद पुढं ओढला.

“बसा,” ते म्हणाले. “पहिल्यापासून सांगा.”

अक्का, तीन वर्षं उशिरा, पण मी खुर्ची ओढून बसले आणि बोलायला लागले.